लास व्हेगासच्या दोन रात्री, आटोपशीर खर्चात

मुलांकडे अमेरिकेला गेलेल्या नागपूरकरांनी लास व्हेगासचा बेत आखताना शुक्रवार-शनिवार टाळून मधल्या वारांच्या दोन रात्री निवडाव्यात. मात्र जानेवारीच्या सुरुवातीला भरणाऱ्या 'सीईएस' या इलेक्ट्रॉनिक्स प्रदर्शनासारख्या प्रदर्शनांच्या वेळी मधल्या वारांचे दरही चढलेले असतात. हॉटेलांची तुलना रिसॉर्ट फी (खोलीभाड्याखेरीज हॉटेल सक्तीने आकारते ती रक्कम), त्यावरील कर आणि पार्किंग धरूनच करावी, कारण स्ट्रिपवरील, म्हणजे कॅसिनो-हॉटेलांच्या मुख्य रस्त्यावरील, मोठ्या हॉटेलांत ही फी एका खोलीमागे रात्रीला अनेकदा ५० डॉलरच्या आसपास पडते. खोलीत मायक्रोवेव्ह बहुधा नसतो. शिवाय सोबतचा डबा ठेवण्यासाठी मिनीबारच्या फ्रिजमधील बाटली नुसती सरकवली, तरी काही हॉटेलांत सेन्सरमुळे तिची किंमत बिलात चढते.

जुलैत पारा सहज चाळिशी ओलांडतो. आपल्याला मे महिन्याची सवय असली, तरी स्ट्रिपवरील अंतरे दिसतात त्याहून बरीच लांब असल्याने रात्रंदिवस धावणारी ड्यूस बस घ्यावी. बेलाजिओ हॉटेलची कारंजी आणि फ्रेमाँट स्ट्रीटच्या छतावरील प्रकाशखेळ फुकट पाहता येतात, आणि खरे तर बहुतेकांना तेवढे पुरते. जुगार खेळायचाच असेल, तर वय २१ पूर्ण हवे व मूळ पासपोर्ट जवळ हवा. ब्लॅकजॅक या पत्त्यांच्या खेळाच्या टेबलावर '३ ला २' लिहिलेले असेल तरच बसावे: १० डॉलर लावून ब्लॅकजॅक (पहिल्या दोन पत्त्यांतच २१) आला, तर तेथे १५ डॉलर जिंकता येतात, '६ ला ५'च्या टेबलावर मात्र १२च.