चिंचोके, चोपडी आणि चिंध्या: दुपारच्या कार्टूनला तीन पर्याय

सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा 42 च्या आसपास गेला की दुपारी बारा ते साडेचार पोरांना बाहेर सोडायची सोय नसते. घरात कार्टूनचं राज्य चालतं ते नेमकं याच वेळेत. ‘मैदानावर पाठवा’ हा सल्ला संध्याकाळचा, दुपारी तो उपयोगाचा नाही. दुपारी हवं ते फरशीवर बसून होणारं, आणि मोठ्यांनी शेजारी ठाण मांडून न बसता चालणारं.

टीव्ही बंद करून मग सामान शोधायला निघालात तर डाव हरलात. कात्री सापडत नाही, डिंक वाळलेला असतो, आणि तोवर रिमोट पुन्हा पोराच्या हातात गेलेला असतो. त्यामुळे सामान सकाळीच एका टोपलीत काढून ठेवा. कंटाळा आल्याची पहिली दहा-पंधरा मिनिटांची कुरकुरही धरूनच चाला, तिच्यावर लगेच उपाय सुचवायला धावू नका. बसायची जागा कूलरच्या झोतात नको, बाजूला हवी. झोतात कागद उडतात आणि भांडणं सुरू होतात.

अष्टाचम्मा

शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू घरांत हा खेळ याच नावाने ओळखला जातो. शहाबादी फरशीवर खडूने 5 × 5 चौकटींचा पट आखा. चौकट 12 सेंटिमीटरची घेतली की पट 60 सेंटिमीटरचा होतो आणि चौघं चारी बाजूंनी ऐसपैस बसतात. चारही बाजूंच्या मधल्या चौकटीत आणि अगदी मध्यावर फुली मारा. फुलीवरची सोंगटी कोणी मारू शकत नाही.

फाशांऐवजी चार चिंचोके. प्रत्येकाची एक बाजू खरबरीत दगडावर घासायची, तपकिरी साल जाऊन पांढरा गर दिसेपर्यंत. घासताना चिंचोका तापतो आणि पोरं तो एकमेकांच्या हाताला लावून चटके देतात. दोन-चार चटके होणारच. खरी चूक होते ती कमी घासण्यात. बाजू गोलसर राहिली तर चिंचोका गडगडतो आणि दर वेळी त्याच अंगावर पडतो. प्रत्येक चिंचोका वीस वेळा टाकून पाहा. पांढरी बाजू आठ ते बारा वेळा वर आली तर तो ठीक, नाहीतर दुसरा घ्या.

जितके पांढरे वर तितकं दान: एक, दोन, तीन. चारही पांढरे म्हणजे चम्मा, दान 4. एकही पांढरा नाही तर अष्टा, दान 8. चार किंवा आठ पडले की चिंचोके पुन्हा एकदा टाकायचे. प्रत्येकाला चार सोंगट्या. बांगडीचे तुकडे, बटणं, शेंगांची टरफलं काहीही चालतं, फक्त चौघांचं वेगवेगळं असावं. सोंगटी आपल्या फुलीवरून निघते, बाहेरच्या रांगेतून घड्याळाच्या उलट दिशेने 15 घरं चालते, मग आतल्या रांगेत वळून घड्याळाच्या दिशेने 8 घरं, आणि शेवटी मध्य. एकूण 24 घरं. दुसऱ्याची एक तरी सोंगटी मारल्याशिवाय आतल्या रांगेत जाता येत नाही. सोंगटी बसवायला कोणतं दान लागतं, लागोपाठ तीन चम्मे पडले तर काय, हे नियम घरोघरी वेगळे आहेत. ते खेळाआधी भिंतीवर कागद लावून लिहून टाका, नाहीतर तिसऱ्या डावात आई न्यायाधीश होते. वेळ कमी असेल तर दोनच सोंगट्यांवर खेळा.

पाचवीच्या पुढचं मूल असेल तर त्याला शंभर दानं नोंदवायला सांगा. दोनचं दान सगळ्यात जास्त का येतं? चार चिंचोके पडण्याच्या 16 शक्यता आहेत, त्यांत दोनच पांढरे येण्याच्या 6, अष्टाची मात्र 1. हे त्याने स्वतः बोटांवर मांडून शोधावं, तुम्ही आधी सांगू नका.

उडती चोपडी

कार्टून आवडणाऱ्याला कार्टूनच काढायला द्या: पानं अंगठ्याखालून भराभर सोडली की चित्र हलताना दिसतं अशी छोटी चोपडी. जुन्या वह्यांच्या कोऱ्या पानांचे 12 × 7 सेंटिमीटरचे 30 तुकडे कापा, डाव्या बाजूला काळी बाइंडर क्लिप लावा. साधा स्टेपलर 30 पानांतून आरपार जात नाही. चित्र उजव्या अर्ध्या भागातच काढायचं, कारण क्लिपजवळचं दिसत नाही.

सुरुवात शेवटच्या पानापासून करायची. त्यावर चित्र काढलं की वरचं पान पाडायचं; वहीचा कागद पातळ असल्याने खालची रेघ दिसते आणि किती सरकवायचं ते कळतं. ड्रॉइंगचा जाड कागद घेतलात तर इथेच काम अडतं. चित्र दर पानाला 2-3 मिलिमीटर सरकवा. त्याहून मोठी उडी घेतली तर चित्र हलण्याऐवजी दचकतं. सेकंदाला 12 पानं या वेगाने 30 पानांत अडीच सेकंदांचा खेळ होतो. एवढ्यासाठी किती मेहनत लागली, हे पोराला तेव्हाच कळतं.

पहिल्यांदा उसळणारा चेंडू काढा: वर असताना चित्रं जवळजवळ, खाली येताना अंतर वाढत जाणारं, जमिनीला टेकताना थोडा चपटा. मग गड्ड्यातला, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेतला नंदीध्वज, ती मिरवणुकीतली उंच काठी. तो सगळाच्या सगळा बाजूला सरकवला तर पाठीवर घेऊन पळाल्यासारखा दिसतो. बुंधा जागेवर ठेवायचा, मध्यावर 2 मिलिमीटर आणि टोकाला 5 मिलिमीटर हलवायचं, की तो डोलतो. पानांच्या उजव्या कडा मागेपुढे असतील तर अंगठ्याखालून दोन-दोन पानं एकदम सुटतात. शेवटी कडा ठोकून सारख्या करा आणि एकदा कापा.

पुठ्ठ्याचा माग

ज्या गावची चादर देशभर जाते तिथल्या पोराला ताणा-बाणा (विणकामातले उभे-आडवे धागे) हातांनी कळायला हवा, असं आमचं मत आहे. छोटं आसन विणायला खोक्याच्या पुठ्ठ्याचा 16 × 22 सेंटिमीटरचा तुकडा घ्या. आतल्या नळ्या उभ्या, म्हणजे 22 सेंटिमीटरच्या दिशेने यायला हव्यात. आडव्या आल्या तर ताण पडताच पुठ्ठा दुमडतो. वरच्या आणि खालच्या कडेला एकेक सेंटिमीटरवर 15 खाचा, दोन्ही टोकांना एकेक सेंटिमीटर सोडून. ताण्याला गोधडी शिवायचा जाड सुती दोरा, साधारण 4 मीटर. लोकर ताणली जाते, शिलाईचा दोरा तुटतो. दोरा पुढच्या बाजूनेच वर-खाली न्यायचा, मागे फक्त दोन खाचांमधल्या दाताला वळसा.

बाण्याला जुन्या सुती साडीच्या किंवा बनियनच्या एक सेंटिमीटर रुंद पट्ट्या, अंदाजे 7 मीटर. शिवणकाम करणाऱ्यांकडे चिंध्या सहज मिळतात. एक आड एक दोऱ्याखालून लाकडी पट्टी घाला. ती उभी केली की ताणा उघडतो आणि त्यातून कापडाची पट्टी सरळ जाते. परतीची ओळ मात्र हाताने, उलट दोरे उचलत. मोठी बोथट सुई किंवा आइस्क्रीमची काडी हाच धोटा, म्हणजे बाणा आरपार नेणारं साधन. दर ओळीनंतर जुन्या कंगव्याने खाली ठोका.

हमखास होणारी चूक म्हणजे चौकोनी आसनाचा डमरू होणं. पोरं पट्टी टोकाला ओढून घट्ट करतात आणि कडा आत येतात. पट्टी सरळ न टाकता कमानीसारखी टाकायची, मग ठोकायची. ठोकल्यावर ती कमान सरळ होऊन जागा भरते. पाच-सहा वर्षांच्या मुलाला 2 सेंटिमीटर अंतराच्या सात खाचा आणि दुप्पट रुंद पट्ट्या द्या. पूर्ण झालं की दातांवरून दोऱ्याचे वळसे अलगद काढा, सुटी टोकं गाठ मारून आत खोवा.

रात्री वीज गेली तर दारावर पांढरं धोतर ताणून सावल्यांचा खेळ लावा. जुन्या कॅलेंडरच्या पुठ्ठ्याच्या आकृती, दांडीला खराट्याची हीर. आकृती कापडाला टेकवली की सावली रेखीव, उजेडाकडे नेली की मोठी आणि फिकट. बॅटरी एकाच दिव्याची घ्या. पाच-सहा दिवे असले की एका राक्षसाच्या पाच-सहा सावल्या पडतात. मोबाइलचा टॉर्च मात्र नको, खेळ संपला तरी मोबाइल हातातून सुटत नाही.