नाताळच्या दिवसांत देशात कुठे जावे आणि बेत कसा आखावा

नाताळच्या सुटीचा बेत करताना बहुतेक जण आधी ठिकाण ठरवतात आणि मग तारखांची जुळवाजुळव करतात. हा क्रम उलटा असावा, असे माझे मत आहे. २६ डिसेंबरपर्यंतचे दिवस नाताळाचे असतात आणि त्यानंतरचे नववर्षाच्या जल्लोषाचे. दोन्हींची गर्दी वेगळी, दर वेगळे आणि येणारी माणसेही वेगळी. चांदणीचे कंदील, येशूजन्माच्या गोठ्याचे देखावे आणि चर्चमधली रात्रीची मिस्सा, म्हणजे सामूहिक उपासना, अनुभवायची असेल, तर २१ किंवा २२ तारखेला निघून २६ तारखेला परतीची गाडी धरावी. ३१ तारखेला पर्यटनस्थळांवरची अनेक हॉटेले खोलीच्या भाड्यावर ‘गाला डिनर’ सक्तीने लावतात. एका वर्षी ही अट न वाचता मी उत्तर गोव्यात खोली घेतली आणि नऊ वाजताच झोपी गेलेल्या मुलाच्या जेवणाचेही पैसे भरले. तेव्हापासून आरक्षण करताना दोनच गोष्टी मी लेखी मागून घेतो : सक्तीचे जेवण आहे का, आणि आरक्षण रद्द केल्यास किती रक्कम परत मिळेल.

रेल्वेचे आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून १२० दिवसांऐवजी ६० दिवस आधी उघडते आणि त्यात प्रवासाचा दिवस धरत नाहीत. म्हणजे २२ डिसेंबरच्या गाडीचे तिकीट २३ ऑक्टोबरला सकाळी आठ वाजता खुले होते, तर २६ तारखेच्या परतीचे २७ ऑक्टोबरला. हे दिवस अनेकदा दिवाळीच्या आगेमागे येतात आणि फराळाच्या गडबडीत हटकून विसरले जातात, म्हणून दोन्ही तारखा आधीच कॅलेंडरवर लिहून ठेवाव्यात. दिवस मोजताना गाडी आपल्या मूळ स्थानकावरून ज्या तारखेला सुटते ती तारीख धरतात. केरळातून आदल्या दिवशी निघालेली गाडी तुम्ही मडगावला मध्यरात्रीनंतर पकडणार असाल, तर आरक्षण एक दिवस अगोदरच उघडलेले असते. ही गफलत झाली की प्रतीक्षायादी नशिबी येते.

मुंबई-पुण्याकडच्या माणसाने पहिला नाताळ वसईत पाहावा, असे मी आग्रहाने सांगतो, कारण तेथे भाषेचा अडसर नाही. पापडी, गिरीज, निर्मळ, नंदाखाल या गावांतील ख्रिस्ती समाज मराठी बोलतो. घरात सामवेदी किंवा वाडवळी बोली आणि चर्चमध्ये मराठी प्रार्थना. उस्मानाबाद येथे २०२० मध्ये झालेल्या ९३व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो याच मातीतले. वसई रोड किंवा नालासोपाऱ्यापर्यंत लोकलने आणि तेथून रिक्षाने जाता येते. दुपारी वसईचा किल्ला पाहावा. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी तो पोर्तुगीजांकडून जिंकला आणि आतील चर्चचे उंच, छप्पर नसलेले अवशेष आजही उभे आहेत. दिवस कलला की गावांतून पायी फिरावे. अंगणात मुलांनी रचलेले गोठे असतात आणि त्यांच्याजवळ जरा वाकून पाहण्यासारखे बरेच काही असते : ताटलीत आठवडाभर आधी पेरलेल्या धान्याच्या कोंबांचे शेत, आरशाच्या तुकड्याचे तळे आणि तळ्याकाठी ठेवलेली, गाईपेक्षाही मोठी मातीची बदके.

मिस्सेला बाहेरच्या माणसाने जावे की नाही, हा प्रश्न अनेकांना पडतो. जावे, पण मागच्या बाकावर किंवा कडेला बसावे, अंगभर कपडे घालावेत आणि मोबाइल खिशातच ठेवावा. लोक उभे राहिले की उभे राहावे. शेवटाकडे रांगेने वेदीजवळ जाऊन जी पवित्र भाकर घेतली जाते, ती मात्र बाप्तिस्मा झालेल्या कॅथलिक भाविकांसाठीच असते. तो सर्वांना वाटला जाणारा प्रसाद नव्हे, तेव्हा त्या वेळी जागेवरच थांबावे. मिस्सा ‘मध्यरात्रीची’ म्हणवली, तरी ध्वनिक्षेपकाच्या नियमांमुळे अनेक ठिकाणी ती बरीच लवकर सुरू होते. म्हणून सकाळीच चर्चच्या फलकावर वेळ पाहून घ्यावी आणि परतीच्या शेवटच्या लोकलचीही खात्री करावी.

गोव्याला जाणाऱ्याने कोणत्या स्थानकावर उतरायचे हे मुक्काम पाहून ठरवावे : उत्तरेकडच्या किनाऱ्यांसाठी थिवी, पणजी आणि जुन्या गोव्यासाठी करमळी, दक्षिण गोव्यातल्या सासष्टी तालुक्यासाठी मडगाव. नाताळासाठी माझी पसंती निःसंशय सासष्टीतल्या खेड्यांना आहे. किनाऱ्यावरच्या क्लबांमध्ये जे चालते ते वर्षभर चालते. गावातल्या घरांवर लटकणारी कागदी नखेत्रे, म्हणजे चांदण्या, आणि शेजाऱ्यांच्या घरी जाणारी गोडधोडाची ताटे याच दिवसांत दिसतात. त्या ताटात नेवऱ्या असतात, दोदोल असते, थरांची बेबिंका असते आणि कुलकुले असतात. कुलकुलांच्या कणकेची छोटी गोळी काट्याच्या पाठीवर किंवा नव्या कोऱ्या कंगव्यावर दाबून गुंडाळली की तिच्यावर शंखासारख्या रेघा उमटतात. एखाद्या घरगुती निवासात राहिल्यास हे काम शेजारी बसून पाहायला मिळते, आणि हात स्वच्छ असतील तर करायलाही. जुन्या गोव्यातील बॉम जेझू बॅसिलिका २४ तारखेच्या सकाळी लवकर पाहून घ्यावी. तेथे सेंट फ्रान्सिस झेवियर यांचे अवशेष आहेत, पण त्यांचा सण ३ डिसेंबरला होऊन गेलेला असतो, हे लक्षात असावे. गोव्यात भाड्याने दुचाकी घेताना काळ्या-पिवळ्या पाटीचीच घ्यावी. खासगी क्रमांकाची गाडी भाड्याने देणे बेकायदा आहे आणि अडवले गेल्यास दिवस वाया जातो.

३१ तारखेचा हट्टच असेल, तर त्यासाठी केरळातले फोर्ट कोची हे अधिक चांगले ठिकाण आहे. डिसेंबरच्या शेवटच्या पंधरवड्यात तेथे कोचीन कार्निव्हल भरतो आणि वर्ष सरताना पप्पांजी नावाच्या म्हाताऱ्याचा प्रचंड पुतळा मध्यरात्री जाळतात. गर्दी इतकी लोटते की खाडीपलीकडच्या एर्नाकुलमला परतणे तासन्‌तास रखडते, त्यामुळे त्या रात्रीचा मुक्काम फोर्ट कोचीतच, चालत जाता येईल अशा अंतरावर हवा. एरवी पाण्यातून जाणारी वॉटर मेट्रो सोयीची आहे. १५२४ मध्ये वास्को द गामाला जेथे पुरले होते, ते सेंट फ्रान्सिस चर्चही येथेच आहे. पुढे त्याचे अवशेष पोर्तुगालला नेण्यात आले. केरळच्या गाड्यांचे आरक्षण मिळणे या काळात दुहेरी अवघड असते, कारण नाताळाच्या सुटीबरोबरच शबरीमलेची यात्राही सुरू असते. नेत्रावती एक्सप्रेस न मिळाल्यास दिल्लीकडून पनवेलमार्गे येणारी मंगला लक्षद्वीप पाहावी.

कोलकात्यात नाताळाला ‘बडोदिन’, म्हणजे मोठा दिवस, म्हणतात. पार्क स्ट्रीटवरची रोषणाई पाहायला सारे शहर लोटते. संध्याकाळी टॅक्सीचा नाद सोडून मेट्रोने जावे आणि पुढे चालावे. न्यू मार्केटमध्ये, एका बगदादी ज्यू कुटुंबाने १९०२ मध्ये सुरू केलेल्या नाहूम बेकरीसमोर केकसाठी लांब रांग लागते. सकाळी दुकान उघडतानाच पोहोचावे. हवा या दिवसांत मुंबईकरालाही शाल घ्यायला लावील इतपत गार असते.

शिलाँगचा नाताळ याहून घरगुती असतो आणि म्हणूनच पर्यटकाची पंचाईत होते. २५ तारखेला दुकाने, खाणावळी आणि टॅक्स्या बहुतांशी बंद असतात, त्यामुळे त्या दिवसाच्या जेवणाची सोय मुक्कामाच्या ठिकाणी आधीच सांगून ठेवावी. सूर्य साडेचारच्या सुमारास मावळतो. डावकीला उमंगोट नदीचे नितळ पाणी पाहायला जायचे तर पहाटेच निघावे. पुढे नागालँड किंवा मिझोरामला जाणार असाल, तर इनर लाइन परमिट, म्हणजे त्या राज्यात शिरण्याचा परवाना, निघाल्याखेरीज तिकीट काढू नये.

पुद्दुचेरीचे नाव बरेच जण काढतात, परंतु ईशान्य मोसमी पावसाचे शेपूट डिसेंबरात तेथे वळवळत असते. ‘थाने’ चक्रीवादळ त्या किनाऱ्यावर ३० डिसेंबर २०११ रोजी धडकले होते, तेव्हा रद्द करता येणारे आरक्षणच घ्यावे.

राहता राहिला बर्फ. शिमला-मनालीला नाताळात बर्फ पडेलच असे नाही, मात्र वाहनांची रांग हमखास लागते. बर्फ हाच हेतू असेल, तर जानेवारीची अखेर किंवा फेब्रुवारी धरावा. तरीही जाणारच असाल, तर उत्तरेतल्या धुक्याचा हिशेब आधी करावा : दिल्लीला भल्या पहाटे उतरणारे विमान टाळावे, दुपारचे घ्यावे, आणि परतीच्या प्रवासात रेल्वे व विमान यांच्यामध्ये एका रात्रीचे अंतर ठेवावे.