आधी निविदा वाचा, मग साचा घ्या: राडारोड्याचा पेव्हर सरकारी कामात बसवायचा तर

पहिली गाडी उतरवली तेव्हा साइटवरच्या कनिष्ठ अभियंत्यांनी एक ब्लॉक पालथा केला, बाटलीतलं पाणी त्यावर ओतलं आणि म्हणाले, "ताई, ही तर चहातली खारी आहे." पाणी डोळ्यांदेखत आत जिरलं होतं.

नवी मुंबईत रबाळे एमआयडीसीत आमचा पेव्हर ब्लॉकचा लहानसा कारखाना आहे. त्या गाडीतल्या ब्लॉकमध्ये ४० टक्के डेब्रिजचा, म्हणजे पाडलेल्या बांधकामाच्या राडारोड्याचा माल होता आणि मला त्याचा कोण अभिमान! आधी ब्लॉक केला, नियम नंतर वाचला, तिथेच गाडं अडलं. तुम्ही उलटीकडून सुरुवात करा.

निविदेतली ती एक ओळ आधी शोधा. 'पर्यावरणपूरक' हा शब्द तिथे सापडेलच असं नाही. सापडते ती जाडी, एम-४० सारखी ग्रेड (काँक्रीटच्या ताकदीचा दर्जा) आणि आयएस १५६५८, म्हणजे पेव्हर ब्लॉकचं भारतीय मानक. हे मानक पाणी शोषणाला सरासरी ६ टक्क्यांची मर्यादा घालतं, एकट्यादुकट्या ब्लॉकला ७. तुमचा माल कितीही हिरवा असो, पास होतो तो या आकड्यांवर.

मग आयएस ३८३ उघडा, काँक्रीटमधल्या खडी-वाळूचं मानक, २०१६ची आवृत्ती. डेब्रिजमध्येही जातपात आहे हे मला तिथे कळलं. निव्वळ जुनं काँक्रीट फोडून केलेली खडी साध्या, म्हणजे सळई नसलेल्या काँक्रीटमध्ये २५ टक्क्यांपर्यंत चालते. विटा, टाइल्स, प्लास्टर मिसळलेला माल फक्त एम-१५ खालच्या कच्च्या काँक्रीटला. पेव्हर पडला साध्या काँक्रीटमध्ये, म्हणजे माझे ४० टक्के पहिल्याच पानावर बाद. आज आम्ही २० वर थांबतो. वरचे ५ टक्के मालातल्या चढउताराला.

म्हणून डेब्रिज घेताना भाव शेवटी विचारा, आधी ढिगावर चढा. वाशी-नेरुळच्या जुन्या इमारती पाडल्या की सगळं एकत्रच येतं: स्लॅब, संडासाच्या टाइल्स, पीओपीचं छत. त्यातलं पीओपी सगळ्यात वाईट, त्यातला सल्फेट पुढे काँक्रीट फुगवतो. आमच्या दोन बाया माल वाहणाऱ्या फिरत्या पट्ट्याशेजारी बसून पांढरं आणि लाल वेचतात. खर्चिक आहे, पण यंत्राला पीओपी आणि चुन्यातला फरक कळत नाही.

पाण्याचं कोडंही तिथेच सुटतं. जुन्या खडीला जुनं सिमेंट चिकटलेलं असतं, ते मिक्सरमधलं पाणी पिऊन टाकतं. मिश्रण कोरडं वाटतं, कारागीर वरून पाणी मारतो आणि ब्लॉक स्पंजासारखा होतो. उपाय साधा: खडी आदल्या रात्री भिजवायची, सकाळी निथळू द्यायची, मगच मिक्सरमध्ये. एवढ्यावर आमचं पाणी शोषण साडेपाच टक्क्यांच्या आत आलं.

आता भाव. आमच्या ब्लॉकमध्ये डेब्रिजबरोबर फ्लाय अ‍ॅश, म्हणजे औष्णिक वीजकेंद्रातली कोळशाची राखही असते. केंद्राच्या ३१ डिसेंबर २०२१च्या फ्लाय अ‍ॅश अधिसूचनेप्रमाणे औष्णिक केंद्रापासून ३०० किलोमीटरच्या आतल्या बांधकामांना, सरकारी असोत की खासगी, राखेच्या विटा, टाइल्स वगैरे वापरणं बंधनकारक आहे. पण पर्यायी मालापेक्षा महाग नसतील तरच. तुर्भ्याहून ठाण्याची खाडी ओलांडली की ट्रॉम्बे, वर डहाणू, घाटापलीकडे नाशिकजवळचं एकलहरे, तिन्हीकडे अशी केंद्रं. म्हणजे अख्खा ठाणे जिल्हा या वर्तुळात. 'हिरवा आहे म्हणून चार रुपये जास्त' हे गणित त्यामुळे पहिल्या दिवशीच सोडा. राखेने सिमेंट वाचतं, ते पैसे डेब्रिज वेचण्यात घाला. डेब्रिजचे २०१६चे नियम पालिकेच्या आणि सरकारी कंत्राटांत डेब्रिजचा माल ठरावीक प्रमाणात, १० ते २० टक्क्यांच्या आसपास, सक्तीने घ्यायला सांगत होते; त्यांच्या जागी १ एप्रिल २०२६पासून २०२५चे नियम. अशी अट तुमच्या निविदेत उतरलीय का, हे निविदापूर्व बैठकीत लेखी विचारा. तोंडी उत्तराला किंमत नाही.

राखेचा ब्लॉक हळू पिकतो, म्हणजे ताकद सावकाश धरतो. ७ दिवसांचा रिपोर्ट बघून आमचा मुकादम दोनदा रडकुंडीला आला. २८ दिवसांना तोच ब्लॉक छान उतरला. पण पालिकेचं वर्ष मार्चला संपतं आणि फुटपाथच्या ऑर्डरी फेब्रुवारीत अंगावर येतात. दिवाळी झाली की माल रचायला घ्या.

कागदांचं थोडक्यात: उद्यम नोंदणी (लघुउद्योगाची सरकारी नोंदणी), एनएबीएलची मान्यता असलेल्या प्रयोगशाळेचा रिपोर्ट, राखेच्या आणि डेब्रिजच्या पावत्या बॅच नंबरसकट. गृह (GRIHA) किंवा आयजीबीसीचं हरित इमारतीचं मानांकन घेणारी सरकारी इमारत असेल तर वास्तुविशारद याच पावत्या मागतो. पुनर्वापराचं प्रमाण त्यावरूनच निघतं.

आणि प्रत्येक बॅचचे सहा ब्लॉक तारीख घालून शेडमागे ठेवा. एका ठिकाणी बिल आठ महिने अडलं होतं, कारण फुटलेला ब्लॉक आमचाच असं त्यांचं म्हणणं. शेडमागचा ब्लॉक शेजारी ठेवला. आकारच वेगळे: आमचा झिगझॅग, तो डमरू.