हिरवी भिंत वरून सुकते, खालून कुजते: या चुका टाळा

बिघडलेलं व्हर्टिकल गार्डन, म्हणजे उभ्या भिंतीवरच्या कप्प्यांत लावलेली बाग, बघायला गेलं की बहुतेक ठिकाणी एकच चित्र दिसतं. वरच्या ओळी करपलेल्या, खालच्या पिवळ्या पडून गळलेल्या, मधला पट्टा तेवढा तग धरून. मालकांचं म्हणणंही ठरलेलं असतं: नर्सरीतून रोपंच वाईट आली. रोपांचा दोष फार क्वचित असतो. उष्ण, दमट शहरात सिंगोनियम, मनी प्लांट, रिओ किंवा नेफ्रोलेपिस नेचे सहजासहजी मरत नाहीत. त्यांना मारावं लागतं, आणि ते काम जवळजवळ नेहमी पाणी करतं.

सगळ्या भिंतीला एकच पाणी

ही चूक मी सगळ्यात जास्त पाहिली आहे, म्हणून तिच्यावर सविस्तर लिहितो.

भिंतीवर दिलेलं पाणी खाली येतं. वरच्या कप्प्यातून निथळलेलं खालच्या कप्प्यात, तिथलं आणखी खाली. वरच्या ओळीला ऊन-वारा जास्त, तळाला सावली आणि दमटपणा जास्त. म्हणजे जिथून पाणी लवकर उडतं तिथे ते कमी टिकतं, आणि जिथून उडतच नाही तिथे साचतं. त्यात दाबाची भर पडते. दहा मीटर वर चढताना पाण्याचा दाब साधारण एक बारने (बार हे दाब मोजायचं एकक) कमी होतो, त्यामुळे पाच मीटरच्या भिंतीवर तळाच्या आणि माथ्याच्या ड्रिपरमध्ये, म्हणजे थेंब थेंब पाणी सोडणाऱ्या तोट्यांमध्ये, अर्ध्या बारचा फरक असतो. साधे ड्रिपर असतील तर तळाला भरपूर आणि माथ्याला रडतखडत पाणी मिळतं.

पंप बंद झाल्यावर जे होतं ते तर कुणी बघतच नाही. नळीत उरलेलं पाणी खालच्या ड्रिपरमधून ठिबकत राहतं. टायमर दिवसातून सहा वेळा लावलेला असेल तर तळाच्या ओळीला सहा वेळा हे जादा पाणी मिळतं, आणि ते कुठल्याच हिशेबात धरलेलं नसतं.

एका कार्यालयाच्या इमारतीत दोन मजले उंच भिंत होती. वरची रोपं माना टाकायला लागली म्हणून देखभाल करणाऱ्या माणसाने टायमरची वेळ वाढवली. वरची जरा सुधारली, पण काही आठवड्यांत खालच्या रोपांनी माना टाकल्या. पान लोंबलं की रोप तहानलं, हे त्याचं समीकरण, म्हणून वेळ आणखी वाढली. मला बोलावलं तेव्हा मी तळाच्या ओळीतली एक पीस लिली उपटून बघितली. गड्डा अलगद हातात आला, मुळं कप्प्यातच राहिली. काळी, चिकट मुळं. चिमटीत धरून ओढलं की वरची साल निसटायची आणि आतला दोरा तेवढा उरायचा. गटारासारखा वास. कप्प्याच्या तळाचं निचऱ्याचं भोक कोकोपीटच्या (नारळाच्या काथ्याच्या भुशाच्या) गाळाने पूर्ण बुजलेलं, आणि हात लावताच चिलटांचा थवा उठला. कुजलेल्या मुळांना पाणी ओढता येत नाही, म्हणून भर पाण्यात उभं असलेलं रोपही तहानलेल्या रोपासारखंच दिसतं. हे ज्याला ठाऊक नाही त्याच्या हातात टायमर देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

तिथे भिंतीचे तीन आडवे पट्टे केले आणि प्रत्येकाला वेगळा व्हॉल्व्ह दिला. दाब कमी-जास्त झाला तरी सारखंच पाणी सोडणारे आणि पंप थांबताच बंद होणारे ड्रिपर बसवले. तळाच्या ओळी उपसून, कप्पे धुऊन, भोकं मोकळी करून नव्याने लावल्या. वरच्या पट्ट्याला थोडं थोडं पण जास्त वेळा पाणी, खालच्याला दोन पाण्यांमध्ये भरपूर अंतर.

माझी तपासायची सवय साधी आहे. पंप चालू असताना एक पेला वरच्या ओळीतल्या ड्रिपरखाली, दुसरा खालच्या ओळीतल्या ड्रिपरखाली, दोन्ही सारखाच वेळ धरायचे आणि शेजारी ठेवून बघायचे. पंप थांबल्यावर खालचा ड्रिपर किती वेळ गळत राहतो तेही बघायचं. मग कप्प्यात बोट घालायचं, दुसऱ्या पेरापर्यंत. ओलावा मोजणारी स्वस्त यंत्रं मी वापरत नाही. कोकोपीटमध्ये खताचे क्षार साचले की ती जास्तच ओलं दाखवतात.

उत्तरेची भिंत म्हणजे सावली, हा समज

बागकामाची बरीच पुस्तकं उत्तरेकडच्या थंड देशांत लिहिली गेली आणि तिथे हे बऱ्याच अंशी खरं आहे. कर्कवृत्त आणि मकरवृत्त यांच्या मधल्या शहरांत मात्र सूर्य वर्षातून दोनदा डोक्यावरून जातो. बँकॉकमध्ये साधारण एप्रिलअखेरपासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत भर दुपारचा सूर्य उत्तरेकडे असतो. सिंगापूर तर विषुववृत्ताला इतकं लागून आहे की तिथे जवळपास अर्धं वर्ष उत्तरेच्या भिंतीला ऊन, अर्धं वर्ष दक्षिणेच्या. दुपारचं ऊन उभ्या भिंतीला घासून जातं, त्याने फारसं बिघडत नाही. सकाळचं आणि संध्याकाळचं तिरपं ऊन थेट पानांवर येतं आणि तेच भाजतं.

जानेवारीत पाहणी करायची, छान सावली दिसली म्हणून कॅलाथिया आणि नाजूक नेचे लावायचे, आणि जूनमध्ये पानं कागदासारखी पांढुरकी पडली की कीड शोधत बसायचं, असे प्रकार मी अनेकदा पाहिले आहेत. फोनवर सूर्याचा मार्ग दाखवणारी अ‍ॅप आता सहज मिळतात. निदान जून आणि डिसेंबर, एवढे दोन मार्ग बघितल्याशिवाय मी रोपांची यादी हातात घेत नाही. समोर काचेची इमारत असेल तर तिच्यावरून परतणारं ऊनही मोजायचं. भिंतीचा एकच तिरपा पट्टा करपलाय आणि आजूबाजूचं सगळं ठणठणीत आहे, असं दिसलं तर आधी मागे वळून समोरच्या काचा बघा.

पश्चिमेच्या भिंतीवर रिओ, जांभळी ट्रेडस्कॅन्शिया, सेन्सेव्हिएरिया लावा. तिथे नेच्यांचा हट्ट नको. आणि एसीच्या बाहेरच्या युनिटचा गरम झोत जिथे लागतो तिथे काहीच लावू नका.

पहिल्याच दिवशी भरगच्च हवी

या हट्टाचा मला मनापासून राग येतो. उद्घाटनाचा फोटो चांगला यावा म्हणून जागेच्या दुप्पट रोपं कोंबतात. उष्ण शहरात वाढ इतकी झपाट्याने होते की थोड्याच दिवसांत पानांमधून वारा फिरेनासा होतो. आतली पानं पिवळी पडतात, पिठ्या ढेकूण देठांच्या बेचक्यांत घर करतात, पावसाळ्यात पानांवर बुरशीचे ठिपके येतात, आणि फवारणी आतपर्यंत पोचतच नाही. रोपं विरळ लावा आणि तीन-चार महिने थांबा. तेवढा धीर नसेल तर हिरवा रंग द्या, रोपांचे हाल करू नका.

फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ पॅट्रिक ब्लां यांच्या हिरव्या भिंतींचे फोटो बघून पुष्कळ जण या नादाला लागतात. ब्लां मुळात उष्णकटिबंधातल्या जंगलांचे अभ्यासक. कड्यांवर, खडकांवर मातीशिवाय वाढणारी झाडं बघून त्यांनी आपली पद्धत बसवली: धातूची चौकट, त्यावर पीव्हीसीचा पत्रा, त्यावर नमदा (दाबून केलेलं जाड कापड, फेल्ट), आणि पाण्यातूनच खत. सगळ्याचं वजन दर चौरस मीटरला 30 किलोच्या आत. या पद्धतीत मुळांभोवती पाण्याचा साठा जवळजवळ नसतो. कडक उन्हाळ्यात पंप बंद पडला तर काही तासांत रोपं माना टाकतात. म्हणून सुट्टीत कुलूप लावून गावाला जाणाऱ्यांनी नमद्याच्या वाटेला जाऊ नये. कप्प्यांची पद्धत घ्यावी, त्यात चुकीला थोडी सवड मिळते. आणि कुठलीही पद्धत घ्या, जादा पंप कपाटात तयार ठेवा.

बाकीच्या चुका

बागेतली माती कप्प्यात भरू नका. ओली माती लिटरला दीड किलोच्या पुढे जाते, चौकट वाकते, आणि काही महिन्यांत माती दगडासारखी घट्ट होते. कोकोपीट आणि परलाइट (भाजून फुगवलेल्या खनिजाचे हलके पांढरे दाणे) घ्या. कोकोपीट मात्र दोन-तीन पाण्यांत धुऊन, कारण त्यात मीठ असतं. ते एकदा पूर्ण वाळलं की आकसतं आणि पाणी कडेकडेने खाली निघून जातं. अशा वेळी धार वाढवून काही होत नाही, थांबून थांबून थोडं पाणी द्यावं लागतं.

खत पातळ करून द्या, पण नेमाने. पानांची टोकं तपकिरी झाली आणि कप्प्याच्या कडेला पांढरी खपली दिसली तर खत जास्त झालंय. मग नुसत्या पाण्याने धुऊन काढा. मी तर खपलीची वाट न बघता पंधरवड्यातून एकदा धुतोच.

चौकट आणि भिंत यांत किमान दोन इंच मोकळी हवा हवी. चौकट भिंतीला चिकटवली की ओल आधी आतल्या खोलीत दिसते.

तळाच्या पन्हाळीला उतार नसेल तर तिथे पाणी साठतं, आणि डेंग्यू पसरवणारा एडिस डास अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो. अंड्यापासून डास व्हायला आठवडा ते दहा दिवस पुरतात. पन्हाळ दर आठवड्याला घासून कोरडी करा. नुसती रिकामी करून भागत नाही, कारण अंडी कडेला चिकटलेली असतात आणि कोरड्यातही महिनोन्महिने टिकतात.

प्लास्टिकच्या बाटल्या कापून उन्हात टांगू नका. एवढ्याशा मातीत मुळं शिजतात. ते चित्र जितकं फिरतं तितकी रोपं वाया जातात.

वादळी वाऱ्याच्या शहरात प्रत्येक कप्प्याला खटका किंवा तार हवीच, नुसत्या हुकावर टांगलेला कप्पा खाली उभ्या माणसाच्या डोक्यात पडू शकतो. आणि माथ्यापर्यंत हात पोचायची सोय आधी करा. जिथे शिडी पोचत नाही तिथली छाटणी होत नाही, आणि पहिलं वाळकं पान तिथेच दिसतं.

एवढं सगळं बघायला वेळ नसेल तर जमिनीत वेल लावून जाळीवर चढवा. थनबर्जिया घेतलीत तर जाळी मजबूत लावा, ती फार जड होते. कर्टन क्रीपर हलकी असते आणि वरून खाली सोडता येते. मुळं जमिनीत असल्यामुळे एखादं पाणी चुकलं तरी ती निभावून नेते. पावसाळ्याआधी एकदा चांगली छाटा, खिडक्या आणि पाइपांपासून दूर ठेवा, आणि जाळी भिंतीपासून हातभर पुढे बांधा, म्हणजे मागून झाडता येईल.