लोंबलेला घेर असा सरळ केला
पदवीच्या कलेक्शनमधल्या सहा पोशाखांपैकी तिघांचे स्कर्ट उरेब, म्हणजे कापडाच्या धाग्यांना तिरपे, कापले होते. शिवून लगेच खालची दुमड घातली आणि दुसऱ्या दिवशी बघते तर घेर दोन्ही बाजूंना चांगला दोन बोटं लोंबलेला! मापं, पॅटर्न, सगळं बरोबर होतं. घाई नडली. असं ४५ अंशांत कापलेलं कापड स्वतःच्याच वजनानं ताणलं जातं.

दुमड उसवली, कमरेशी क्लिपा लावून स्कर्ट २४ तास टांगले. मग डमीवर चढवून जमिनीपासून पट्टीनं मोजत खडूच्या खुणा केल्या, जादाचं कापलं. इस्त्री ओढायची नाही, नुसती दाबायची. हे फार जपलं. शेवटी बारीक दुमड, हातानं तुरपाई. एकाची वीण सैल होती, त्याला दोन दिवस टांगावं लागलं.