घरच्या डान्स मॅटवरून आर्केडच्या मशिनवर जाताना

घरच्या मॅटवर दहाव्या लेव्हलची गाणी सहज पार करणारा माणूस आर्केडच्या मशिनवर पहिल्यांदा चढतो आणि सातव्या लेव्हललाच स्क्रीनवरची त्याची लाइफची पट्टी रिकामी होते. (खेळ असा: स्क्रीनवर बाण येतात, गाण्याच्या तालावर पायाखालचे तेच बाण दाबायचे.) हे जवळपास प्रत्येकाचं होतं. दम किंवा ताल कमी पडला असं सहसा नसतं. मॅटने पायांना एक खोड लावलेली असते: बाण दाबायचा आणि लगेच मधल्या चौकोनात परत यायचं. मॅटवर ती खपून जाते. मशिनवर पॅनेल, म्हणजे पायाखालचे बाणांचे चौकोन, मोठे, अंतर जास्त आणि पायात बूट, त्यामुळे तीच खोड महागात पडते. तेव्हा मशिनपर्यंत जाण्याआधी घरीच ती मोडायला घ्या.

आधी समोर कोणतं मशिन आहे ते पाहा. कोनामीचं डान्स डान्स रेव्होल्यूशन, म्हणजे डीडीआर, १९९८ साली जपानमध्ये आलं. त्यात वर, खाली, डावा, उजवा असे चार बाण. कोरियाच्या अंदामिरो कंपनीचं पंप इट अप १९९९ चं. त्यात चार कोपरे आणि मधला असे पाच पॅनेल, वरचे दोन लाल, खालचे दोन निळे, मधला पिवळा. घरच्या बहुतेक मॅट चार बाणांच्या असतात, म्हणून इथे मुख्यतः डीडीआरचा विचार केला आहे. अमेरिकेतल्या वाचकांना राउंड वन आणि डेव्ह अँड बस्टर्सच्या शाखांमध्ये डीडीआर भेटू शकतं. पुण्या-मुंबईच्या मॉलमधल्या गेमिंग झोनमध्ये मशिनवरचं नाव वाचण्याआधी बाण चार आहेत की पाच ते मोजा.

खोड मोडायची कशी

पहिली गोष्ट डोक्यात पक्की बसवा: रिकाम्या बाणावर पाय टेकून उभं राहिल्याबद्दल गुण कापले जात नाहीत. गेम फक्त वेळेवर पाय पडला की नाही एवढंच बघतो. अपवाद शॉक अ‍ॅरोचा, तो बाण दाबायचाच नसतो, तिथे पाय कुठल्याच पॅनेलवर नसावा लागतो. बाकी वेळी डावा पाय डाव्या बाणावर पडला तर पुढच्या पावलाची गरज लागेपर्यंत तो तिथेच राहू द्या. १५० बीपीएमच्या, म्हणजे मिनिटाला १५० ठोक्यांच्या, गाण्यात अर्ध्या-अर्ध्या ठोक्याचे बाण ०.२ सेकंदाच्या अंतराने येतात. एवढ्या वेळात एक पाऊल आरामात पडतं. मध्ये परत येऊन पुन्हा बाहेर जायचं म्हटलं की तेच काम दुप्पट होतं.

घरी याची परीक्षा घ्यायची एक स्वस्त युक्ती आहे. मॅटच्या मधल्या चौकोनात वर्तमानपत्राचा एक कागद ठेवा आणि चारही कडा चिकटपट्टीने घट्ट बसवा, म्हणजे पाय घसरणार नाही. नेहमीचं गाणं खेळा. गाणं संपल्यावर कागद चुरगळलेला, फाटलेला असेल तर तुम्ही मध्ये परतत होतात. चौथ्या-पाचव्या लेव्हलच्या गाण्यांवर कागद जवळजवळ कोरा राहीपर्यंत हेच करत राहा. गुण घसरतील, घसरू द्या.

याच टप्प्यावर पाय आलटून-पालटून टाकायची सवयही लावा. मॅटवर अनेकजण डाव्या बाणाला कायम डावा, उजव्याला कायम उजवा पाय वापरतात आणि मधे अडलं की एकच पाय दोनदा टाकतात. डावा, खाली, उजवा असे बाण आले तर डावा पाय, उजवा पाय, पुन्हा डावा पाय असं जायचं. शेवटच्या पावलाला डावा पाय उजव्या पायाच्या पुढून जातो आणि कंबर उजवीकडे वळते. खालीच्या जागी वर असेल तर डावा पाय मागून जातो आणि कंबर डावीकडे वळते. स्क्रीनकडे छाती रोखून उभं राहिलात तर गुडघ्यांत गाठ पडेल. कंबर वळू द्या, नजर तेवढी स्क्रीनवर ठेवा.

अंतर मोजून घ्या

डीडीआरच्या मशिनवर एक पॅनेल साधारण २८ सेंटिमीटर चौरस असतो. म्हणजे डाव्या बाणाच्या मध्यापासून उजव्या बाणाच्या मध्यापर्यंत जवळपास ५६ सेंटिमीटर. घरच्या मॅटवर टेपने हेच अंतर मोजा. ५० भरलं तर मशिनवर तुमचं प्रत्येक पाऊल दोन्ही बाजूंना ३-३ सेंटिमीटर आखूड पडणार हे आधीच कळेल.

मॅटवर बूट घालू नका. तळव्याच्या रबराने वरचा थर ओरखडतो आणि आतला फोम दबून बसतो. बुटांची सवय फरशीवर करा. रंगीत चिकटपट्टीने ८४ सेंटिमीटरचा चौरस आखा, त्याचे २८ सेंटिमीटरचे नऊ घर पाडा आणि संगणकावरच्या स्टेपमेनिया या बाणांच्या गेममध्ये एफ-८ दाबून ऑटोप्ले लावा. गेम आपोआप खेळतो, तुम्ही बूट घालून खालच्या घरांवर पाय टाकायचे. गुण मिळत नाहीत, पण दोन-तीन दिवसांत पायांना नवं माप कळतं. फ्लॅटमध्ये राहत असाल तर हे दुपारी करा. खालच्या मजल्यावरच्यांना ताल ऐकू येत नाही, नुसती दणदण ऐकू येते.

बूट पातळ आणि सपाट तळव्याचे, कॅनव्हासचे उत्तम. धावायच्या बुटांची जाड, फुगीर टाच दोन प्रकारे नडते: पॅनेलची कड तळव्याला जाणवत नाही आणि वळताना घोटा डगमगतो. नाड्यांची टोकं आत खोचा.

आवाज आणि चित्रातला फरक

घरच्या टीव्हीवर चित्र थोडं उशिरा येतं आणि तुमचे पाय नकळत त्या उशिराला सरावतात. टीव्हीचा गेम मोड चालू करा. ब्लूटूथ स्पीकर किंवा हेडफोन अजिबात नको, त्यात आवाज ठळकपणे मागे पडतो, वायर लावा. मग स्टेपमेनियात शिफ्ट धरून एफ-११ आणि एफ-१२ ने ऑफसेट, म्हणजे आवाज आणि बाणांच्या वेळेतलं अंतर, जुळवा. डीडीआरमध्ये सगळ्यात वरचा मार्व्हलस हा निकाल मिळायला पाऊल नेमक्या क्षणाच्या साधारण १७ मिलिसेकंद अलीकडे-पलीकडे पडावं लागतं. घरचा टीव्ही ५० मिलिसेकंद मागे असेल तर मशिनवर तुमची सगळी पावलं एकाच बाजूला चुकणार.

मशिनवर फास्ट (पाऊल लवकर) आणि स्लो (पाऊल उशिरा) दाखवायची सोय असेल तर ती चालू करा. सलग दोन गाण्यांत फास्टच जास्त येत असेल तर पाय घाई करतायत. मशिन बिघडलं असा निष्कर्ष लगेच काढू नका. दोन्ही सारख्या प्रमाणात येत असतील तर ताल कच्चा आहे, त्याला ऑफसेटचा इलाज नाही.

बाणांचा वेग घरचाच ठेवायला एक गुणाकार पुरतो: गाण्याचा बीपीएम गुणिले स्पीड, म्हणजे गेममध्ये निवडायचा बाणांच्या वेगाचा आकडा. घरी १५० च्या गाण्याला ३ लावत असाल तर तुमचा वाचनाचा वेग ४५०. मग १८० च्या गाण्याला २.५ आणि १२८ च्या गाण्याला ३.५ लावा, उत्तर जवळपास तेवढंच येतं. हा आकडा मोबाइलमध्ये लिहून ठेवा, कारण गाणं निवडायच्या पडद्यावर घड्याळ मागे लागलेलं असतं. बीपीएमच्या जागी दोन आकडे दिसले, उदाहरणार्थ ८५ ते ३४०, तर गाण्याचा वेग मध्येच बदलतो. पहिल्या दिवशी अशा गाण्यांच्या वाटेला जाऊ नका.

मशिनवरचा पहिला तास

पैसे टाकण्याआधी किंवा कार्ड स्वाइप करण्याआधी दोन्ही बाजूंचे पॅड पाहून घ्या. डीडीआरच्या प्रत्येक बाणाखाली चार कडांना चार सेन्सर असतात. त्यातला एक मेला की तेवढीच कड मुकी होते, बाकीचा बाण चालत राहतो. म्हणून बाणाच्या मध्यावर एकदा पाय ठेवून तपासणं पुरेसं नाही. चारही कडा एकेक करून चवड्याने दाबा. अनेक मशिनवर पाय पडला की पॅनेलचा दिवा लागतो, तो पाहा. एखादी कड मुकी असेल तर दुसऱ्या बाजूच्या पॅडवर खेळा. पॅनेल दाबलेल्या अवस्थेतच अडकत असेल, म्हणजे पाय काढला तरी दिवा जळतोय, तर त्या बाजूला पैसे घालू नका, काउंटरवर सांगा.

घरच्या लेव्हलपेक्षा तीन खाली सुरुवात करा. दहा खेळत असाल तर सात. आकड्यांचा एक घोळ मात्र लक्षात ठेवा: डीडीआरमध्ये २००८ च्या डीडीआर एक्सपासून पट्टी १ ते २० अशी आहे, त्याआधी ती १० च्या आसपास संपायची. जुन्या मशिनवरचा ९ हा नव्या मशिनवरच्या ९ पेक्षा बराच अवघड. पंपचे आकडे तर पूर्ण वेगळे. तिथे पुन्हा तळापासून चढा.

पहिल्या गाण्यात फक्त एक गोष्ट बघा: पाय बाणावर राहतोय का. दुसऱ्या गाण्यात जोर कमी करा. मॅटवर, विशेषतः ती जुनी झाली की, बाण लागावा म्हणून आपटायची सवय लागते. मशिनवर आपटून काही मिळत नाही, उलट पाय पुन्हा उचलायला उशीर होतो. टाच किंचित वर, वजन चवड्यावर, पाऊल पॅनेलवर टेकवल्यासारखं. दोन बाण एकत्र आले की उडी बोटभर उंचीची पुरे. उडीनंतरही दोन्ही पाय तिथेच राहू द्या.

खालचा बाण सगळ्यात जास्त रडवतो. मॅटवर मधल्या चौकोनात उभं राहून टाच मागे टाकली की तो लागतो. मशिनवर तीच टाच बहुधा पॅनेलच्या कडेच्या धातूच्या पट्टीवर पडते. आवाज येतो, पायाला झटका बसतो, पण पॅनेल दबत नाही आणि स्क्रीनवर मिस. खरं तर पाऊल वेळेवरच असतं, फक्त तीन-चार सेंटिमीटर अलीकडे. पाय थोडा आडवा करून चवड्याने खालच्या बाणाच्या मध्यावर जा. वरचा बाण चुकत असेल तर बहुतेकदा उलट झालेलं असतं: घरची मॅट पुढे सरकत जाते, तिच्याबरोबर तुम्ही पुढे सरकत जाता, आणि मशिन तर सरकत नाही. मग बोटं पॅनेलच्या पुढच्या कडेबाहेर पडतात.

फ्रीझ अ‍ॅरो, म्हणजे लांब शेपटीचा बाण, धरून ठेवताना मध्येच सुटत असेल तर बहुधा दुसरा पाय टाकताना पहिल्याचं वजन नकळत उचललं जातंय. धरलेल्या पायाचा चवडा पॅनेलच्या एका चालत्या कडेजवळ सरकवा, तिथे कमी वजनातही सेन्सर दबलेला राहतो.

मागचा बार

मशिनवर पाठीमागे धरायला एक दांडा असतो, तोच बार. घरी तो नसतो, म्हणून पहिल्या दिवशी त्याला हात लावू नका. सुरुवातीलाच बार धरलात तर तोल सांभाळायला पाय कधी शिकणारच नाहीत. सातव्या-आठव्या लेव्हलला बाराविना स्थिर झालात की मग धरा. हात मागे, बोटांची पकड सैल, कोपर किंचित वाकलेलं. बाराला लोंबकळलात तर वजन टाचांवर येतं आणि खालचा बाण पुन्हा चुकायला लागतो. लांबलचक सलग पावलांच्या गाण्यांत बाराचा खरा फायदा आहे. उतरताना तो पुसून ठेवा, पुढच्याने तुमचा घाम का धरावा.

दोन खेळाडूंच्या मशिनवर शेजारी कुणी खेळत असेल तर त्याचं गाणं संपल्याशिवाय दुसऱ्या पॅडवर पाय ठेवू नका, बाण तपासायलासुद्धा. पाण्याची बाटली पॅडवर नको, बाजूला जमिनीवर. एका खेळात बहुधा तीन गाणी मिळतात, प्रत्येक साधारण दीड-दोन मिनिटांचं. दोन खेळ झाले की दहा मिनिटं उतरा. पोटऱ्या आखडलेल्या असताना घोटवलेली चूक नंतर सोडवायला जास्त वेळ लागतो.

पुन्हा घरी

आठवड्यातून एकदाच मशिन मिळत असेल तर घरची मॅट मशिनसारखी करून ठेवा. १२ मिलिमीटरचा प्लायवूड मॅटपेक्षा सगळीकडून ५ सेंटिमीटर मोठा कापून घ्या, कडा सँडपेपरने घासा, मॅट दुहेरी चिकटपट्टीने त्यावर ताणून बसवा आणि प्लायखाली रबरी जाळीचा न घसरणारा कपडा अंथरा. चिकटपट्टी कडांना आणि मधल्या चौकोनाखालीच लावा. बाणांखाली तिचे जाड थर साठले की बाण आपोआप दबून राहतो, आणि दोष मॅटचा की पायाचा हे शोधण्यात संध्याकाळ जाते.