एअर रायफलचे छरे पसरायला लागले तेव्हा

गेल्या उन्हाळ्यात माझ्या स्प्रिंगच्या एअर रायफलचा नेम बिघडला. दहा मीटरवर एकमेकांना चिकटून बसणारे छरे बशीएवढे पसरू लागले. जुळे सोलापुरातला मित्र म्हणाला, नवी दुर्बीण घे. (दुसऱ्याच्या खिशातला खर्च सगळ्यांनाच सोपा वाटतो.) मी आधी दस्त्याचे स्क्रू पाहिले. आपल्याकडे पारा चाळिशीपार गेला की लाकूड सुकतं, स्क्रू ढिले पडतात. आवळले, फरक पडला, पण पुरता नाही. मग छरा भरायला नळी जिथे वाकवतात त्या सांध्यावर टिश्यूची पट्टी ठेवून छरा मारला. पट्टी उडाली, म्हणजे हवा तिथूनच गळत होती. रबरी रिंग कडक झाली होती, ती बदलली आणि छरे पुन्हा एकत्र आले. हवा दाबली जाते त्या सिलिंडरमध्ये तेल मात्र ओतू नका, दाबाने ते पेट घेतं.

परवान्याचं सगळे विचारतात. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे नळीचा आतला व्यास ४.५ मिमीपर्यंत आणि छऱ्याची ऊर्जा २० ज्यूलच्या आत असलेल्या एअर रायफलला तो लागत नाही. अर्ध्या ग्रॅमचा छरा सेकंदाला २०० मीटर वेगाने गेला तर १० ज्यूल भरतात. काडतुसाच्या पॉइंट टू टू (.२२) रायफलला मात्र परवाना हवाच, आणि सोलापूर शहरात तो अर्ज पोलीस आयुक्तालयात द्यावा लागतो.